रेसमधून निवृत्त घोडा क्रॉस-कंट्रीसाठी कसा तयार करावा: नवशिक्या स्वारांसाठी मार्गदर्शक

क्रॉस-कंट्रीत घोडा आणि स्वार मोकळ्या रानातून, चढ-उतारांवरून जात पक्के रोवलेले अडथळे ठरलेल्या वेळेत पार करतात. इव्हेंटिंगच्या तीन भागांपैकी हा एक. उरलेले दोन ड्रेसाज, म्हणजे रिंगणात ठरलेल्या हालचाली करून दाखवणं, आणि शो-जंपिंग. शो-जंपिंगमध्ये घोड्याचा पाय लागला तर पोल पडतो आणि गुण जातात. इथे ओंडका जागचा हलत नाही, चूक झाली की घोडा आणि स्वार दोघंही पडू शकतात. म्हणून तयारीची सुरुवात उंचीपासून करू नका. आधी वेग हातात यायला हवा, घोडा सरळ जायला हवा आणि उडी उतरल्यावर स्वाराचा तोल टिकायला हवा. एवढं पक्कं झालं की ६० सेंटिमीटरवरून ८० वर जाणं फारसं अवघड नसतं.

महाराष्ट्रात नवशिक्याच्या वाट्याला येणारा घोडा बहुधा मुंबई-पुण्याच्या रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड असतो. दम, धाडस आणि लांब टाप (एका ढांगेत कापलेलं अंतर) त्याच्याकडे असतेच. अडचण त्याच्या आधीच्या शिक्षणात असते: लगाम आखडला की पळायचं, स्वार पुढे झुकला की आणखी जोरात पळायचं, शेजारी दुसरा घोडा आला की त्याच्या पुढे जायचं. हे सगळं विसरून नवं शिकायला त्याला वेळ द्यावा लागतो. खाली दिलेला क्रम साधारण चार महिन्यांचा आहे. घोडा मागे पडला तर महिने वाढवा, पायऱ्या गाळू नका.

कामाला लावण्याआधी

घोडा ट्रॅकवरून आल्यावर त्याला निदान सहा ते आठ आठवडे मोकळीक द्या. या काळात रोज पॅडॉकमध्ये (कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत) सोडायचं, चंदी (दाण्याचा खुराक) कमी करायची, गवत भरपूर द्यायचं. व्हेटकडून चार गोष्टी तपासून घ्या: दात, पाठ, पोटातले अल्सर आणि पुढच्या पायांच्या मागच्या शिरा, म्हणजे टेंडन. रेसच्या घोड्यांत टेंडनची जुनी दुखापत बऱ्याचदा सापडते. हात फिरवल्यावर शीर धनुष्यासारखी फुगलेली किंवा गरम लागली तर अल्ट्रासाउंड केल्याशिवाय उड्या सुरू करू नका. रेसचे ॲल्युमिनियमचे हलके नाल काढून नालबंदाकडून लोखंडी नाल बसवून घ्या, आणि चार ते सहा आठवड्यांनी ते बदलत राहा.

खोगीर नव्यानं बसवून पाहा. मोकळिकीनंतर घोड्याची पाठ भरते आणि जुनं खोगीर खांद्यांवर चेपायला लागतं. उडीच्या आधी कान मागे टाकणारा, पाठ ताठ करणारा घोडा पुष्कळदा खोगिराचीच तक्रार करत असतो.

सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला मारवाडी किंवा काठेवाडी घोडा असेल तर क्रम हाच ठेवा, फक्त पुढे दिलेली अंतरं त्याच्या टापेनुसार थोडी कमी करा. असा घोडा रेवाल चालीत तयार केलेला असेल तर त्याला आधी स्वच्छ दोन ठेक्यांचा ट्रॉट (दुडकी) शिकवा. रेवालमध्ये एका बाजूचे पाय जोडीनं पडत असल्यामुळे जमिनीवरच्या पोलांमध्ये तो गोंधळतो.

साहित्य

हेल्मेट मान्यताप्राप्त मानकाचं हवं, हनुवटीखालचा पट्टा घट्ट हवा आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून शाबूत दिसलं तरी बदलायचं. अंगात बॉडी प्रोटेक्टर हवा, सर्वांत वरच्या म्हणजे लेव्हल ३ चा. हवेनं फुगणारं जॅकेट त्यावरून घालता येतं, पण ते बॉडी प्रोटेक्टरची जागा घेत नाही. हातमोजे वापरा. घामानं आणि पाण्यानं लगाम किती निसरडा होतो ते पहिल्याच दिवशी कळतं.

घोड्याला पुढच्या पायांत पुढून-मागून संरक्षण देणारे बूट, मागच्या पायांत बूट आणि पुढच्या खुरांवर बेल बूट. खोगीर मागे सरकू नये म्हणून छातीपट्टा. याखेरीज मानेभोवती एक जुना रिकिबीचा पट्टा बांधा. हा गळपट्टा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी: घोड्यानं अनपेक्षित मोठी उडी मारली तर तो धरायचा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला हिसका बसत नाही. चरावरून पहिल्यांदा उडताना तोंडाला हिसका बसलेला घोडा पुढच्या वेळी चरापाशी का थांबतो, हे वेगळं सांगायला नको.

स्वाराची बैठक

रिकिबी फ्लॅटवर्कपेक्षा (उड्यांशिवायच्या सपाटीवरच्या कामापेक्षा) दोन-तीन भोकं आखूड करा. खोगिरापासून बूड थोडं उचलून, वजन टाचेत सोडून, गुडघा आणि घोटा लवचीक ठेवून उभं राहायचं; याला टू-पॉइंट म्हणतात. आधी वॉकमध्ये (साधी चाल), मग ट्रॉटमध्ये, मग कँटरमध्ये (संथ दौड). आयाळ न धरता, लगामाला न लटकता ट्रॉटमध्ये सलग पाच मिनिटं असं राहता आलं की अडथळ्यांकडे वळायला हरकत नाही. त्याआधी वळू नका. पायांतली ताकद संपली की स्वार खोगिरावर आदळतो आणि हात लगामावर टेकवतो, आणि रेसच्या घोड्याच्या लेखी त्याचा अर्थ ‘पळ’ असा असतो.

कोर्सवर बैठक सतत बदलावी लागते. दोन अडथळ्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात वजन पुढे, पाठ सपाट, लगामाची दोन्ही टोकं एकमेकांवर घेऊन घोड्याच्या मानेवर टेकवलेली. अडथळ्याआधी सात-आठ टापा असताना खांदे उचलून बूड खोगिराच्या जवळ आणायचं. बहुतेक शिकाऊ स्वार नेमकं हेच विसरतात आणि पळायच्या बैठकीतच अडथळ्यावर जातात. त्यामुळे घोड्याचं वजन पुढच्या पायांवर राहतं आणि उडीसाठी मागचे पाय पोटाखाली येत नाहीत. उडीच्या क्षणी हात पुढे द्या, पण छाती घोड्याच्या मानेवर टाकू नका. खालचा पाय तंगाजवळ (खोगिराच्या पोटपट्ट्याजवळ) स्थिर राहिला तर बाकीच्या चुका घोडा निभावून नेतो.

लगाम सोडणं आणि परत गोळा करणं याचा वेगळा सराव करा. कँटरमध्ये लगाम बोटांतून बकलपर्यंत सरकू द्या आणि दोन टापांत पुन्हा आखूड करा. उतरत्या उडीला याची गरज पडते.

रिंगणातले पोल

घोडा शो-जंपिंगच्या पोलांवर ज्या उंचीला आरामात जातो, त्याच्यापेक्षा २० सेंटिमीटर कमी उंचीनं क्रॉस-कंट्रीची सुरुवात करा. म्हणजे ६० चे ओंडके करायचे असतील तर रिंगणात ८० जमायला हवं.

मध्यम आकाराच्या थरोब्रेडसाठी अंतरं अशी ठेवा:

- ट्रॉटचे पोल: १.३ ते १.४ मीटरवर एक, असे चार.
- ट्रॉटमधून छोटा क्रॉस (फुलीसारखे तिरके टेकवलेले दोन पोल): त्याच्या आधी २.४ ते २.७ मीटरवर जमिनीवर एक पोल.
- ट्रॉटमधून आल्यास क्रॉस आणि पुढची उडी यांत एक टाप: साधारण ५.५ मीटर.
- कँटरमधून एका टापेचं अंतर: ६.४ ते ७.३ मीटर.
- बाउन्स, म्हणजे उतरताक्षणी पुन्हा उडी: ३ ते ३.६ मीटर, उंची ५० सेंटिमीटरच्या वर नेऊ नका.

कँटरची एक टाप साधारण ३.६ मीटरची धरली जाते. आपल्या पावलांनी ती मोजायची सवय लावा: ९० सेंटिमीटरची चार पावलं म्हणजे घोड्याची एक टाप. अंतर चुकलं की घोडा एक तर अडथळ्याच्या फार जवळून उडतो किंवा लांबून झेप घेतो, आणि लांबून झेप घ्यायची सवय लागलेला थरोब्रेड पक्क्या अडथळ्यांवर धोक्याचा ठरतो.

तळरेषा, म्हणजे अडथळ्याच्या पायथ्याशी ठेवलेला पोल, घोडा येतो त्या बाजूला नेहमी १५ ते ३० सेंटिमीटर पुढे हवी. ती अडथळ्याच्या मागे गेली तर घोडा अंदाज चुकून फार आत येतो. रंगाचाही विचार करा. नारिंगी रंग घोड्याला हिरव्या पार्श्वभूमीवर नीट उठून दिसत नाही. ब्रिटनमध्ये शर्यतींच्या अडथळ्यांवरच्या नारिंगी पट्ट्या याच कारणानं पांढऱ्या केल्या. तुमच्या ओंडक्याची तळरेषा पांढऱ्या रंगानं रंगवा.

वेग मोजायला शिका

रेसमध्ये घोडा शेवटचे २०० मीटर बारा-तेरा सेकंदांत काढतो. नवशिक्यांच्या कोर्सचा वेग मिनिटाला ३०० ते ३५० मीटर असतो. ३५० च्या वेगानं तेच २०० मीटर कापायला ३४ सेकंद लागतात. हा फरक स्वाराच्या अंगात मुरायला हवा आणि त्याला एकच उपाय आहे: सपाट जागेवर चाकानं किंवा टेपनं २०० मीटर मोजून दोन खुंट्या ठोका, हातात स्टॉपवॉच बांधा आणि कँटर करा. आधी ४० सेकंद, म्हणजे मिनिटाला ३००, मग ३४, मग ३०, म्हणजे ४००. घड्याळ न बघता वेळ सांगायची आणि मग बघायची. तीन सेकंदांच्या आत अंदाज यायला लागला की पुढे जा.

घोडा ओढायला लागला तर सारखा लगाम ओढून धरू नका. तो जितकं ओढाल तितका टेकून पळेल. खांदे मागे, एक टाप धरायचं, दुसऱ्या टापेला सोडायचं; तरी ऐकत नसेल तर मोठ्या वर्तुळावर घ्या आणि वर्तुळ लहान करत आणा. दुसऱ्या घोड्याबरोबर काम करताना पहिले काही आठवडे त्याला पुढे-मागे आलटून-पालटून ठेवा, शेजारी-शेजारी पळवू नका.

स्पर्धेत ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त लागलेल्या प्रत्येक सेकंदाला ०.४ दंडगुण मिळतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे स्वार फवाद मिर्झा आणि त्यांचा घोडा ‘सेन्योर मेडिकॉट’ यांना क्रॉस-कंट्रीत ११.२० दंडगुण मिळाले ते असेच: ठरलेल्या वेळेपेक्षा २८ सेकंद जास्त. तुमच्या पहिल्या कोर्सला मात्र वेळेचे दंडगुण खुशाल घ्या. वेळ गाठायला घोडा पळवलात तर महिनाभराचं काम वाया जाईल.

पहिले पक्के अडथळे

ओंडका घ्या ३० सेंटिमीटर व्यासाचा, निदान तीन मीटर रुंद, दोन्ही बाजूंनी खुंटीनं पक्का केलेला. घरंगळणारा ओंडका सर्वांत वाईट. दगड, पाचरी, बाहेर आलेले खिळे, झाडाच्या फांद्या तपासा. उतरायच्या बाजूची जमीन पायानं दाबून पाहा. पहिल्यांदा वॉकमध्ये, मग ट्रॉटमध्ये, आणि तो कान पुढे ठेवून, वेग न बदलता ओलांडायला लागला की कँटरमध्ये. दर वेळी उडीनंतर सरळ पुढे दहा टापा जायचं आणि मगच वळायचं.

उभा सपाट अडथळा टाळा. पुढे उतरता चेहरा असलेले, गोल माथ्याचे अडथळे घोड्याला वाचायला सोपे जातात. ऊनही लक्षात ठेवा. घोड्याच्या डोळ्याला उजेडातून सावलीत जुळवून घ्यायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे झाडाखालच्या गर्द सावलीतला अडथळा सुरुवातीला फक्त ट्रॉटमध्ये घ्या.

चर सर्वांत जास्त घोड्यांना अडवतो. सुरुवात ४०-५० सेंटिमीटर रुंदीच्या उथळ चरापासून करा, काठ लाकडानं बांधलेला. अनुभवी घोडा दोन-तीन घोडे अंतरावर पुढे न्या आणि मागोमाग वॉकमध्ये जा. नवखा घोडा काठाशी येऊन मान खाली घालेल, फुंकेल. थोडा वेळ बघू द्या, पण मागे वळू देऊ नका. नजर पलीकडच्या झाडावर, पाय चालू, एक हात गळपट्ट्यात. तो उभ्या जागेवरून मोठी उडी मारणार हे धरूनच चाला. मग पुन्हा, पुन्हा, जोवर तो नुसतं पाऊल टाकून ओलांडत नाही तोवर. त्यानंतर ट्रॉट. घोडा नाकासमोरचं आणि पायांखालचं नीट पाहू शकत नाही, म्हणून त्याला चर दुरून दिसायला हवा. अचानक वळवून चरावर आणलेला घोडा अडला तर चूक त्याची नाही.

पाण्यासाठी तळ पक्का हवा: दाबलेला मुरूम किंवा बारीक खडी. पहिल्यांदा १५-२० सेंटिमीटर खोल पुरे; मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही पाणी ३५ सेंटिमीटरपेक्षा खोल नसतं. गावाजवळचा ओढा मोहात पाडतो, पण त्यात गाळ, फुटक्या बाटल्या आणि निसटते दगड असतात. वापरायचाच असेल तर आधी स्वतः अनवाणी नव्हे, जाड बूट घालून सगळा तुडवून बघा. घोडा वॉकमध्ये आत न्या, थांबवा, बाहेर काढा. तो पुढच्या पायानं पाणी उडवायला लागला तर लगेच पुढे हाका, कारण त्यानंतर तो लोळतो. ट्रॉट शांत झाल्यावरच कँटर. पाणी पायांना मागे ओढतं. वेगात शिरलेल्या घोड्याचे पुढचे पाय अडतात आणि स्वार पुढे फेकला जातो. म्हणून पाण्याकडे येताना वेग कमी पण टाप उसळती हवी. पाण्याआधी किंवा नंतर ओंडका ठेवायचा तो यानंतरच, आणि पाण्यात उडी मारत उतरणं सर्वांत शेवटी.

बांधावर चढणं सोपं: ४० सेंटिमीटर उंची, भरपूर जोर, स्वार पुढे, हात पुढे. उतरणं अवघड. काठापर्यंत वॉकमध्ये जा, त्याला खाली बघू द्या. तो उतरताना खांदे मागे, टाचा खाली आणि किंचित पुढे, लगाम बोटांतून सरकू द्या. नजर खाली गेली की डोकं जातं, डोक्यामागे खांदे जातात. खाली आल्यावर दोन टापांत लगाम गोळा करा.

घोडा अडला तर

आधी कारण शोधा. स्वार उडीआधीच पुढे झुकला होता का? वेग शेवटच्या पाच टापांत तुटला का, की उलट फार सपाट होता? वळण फार जवळ होतं का? पायाखाली घसरलं का? दोन-तीन ठिकाणी, वेगवेगळ्या अडथळ्यांवर अडायला लागला तर पाठ आणि पाय दाखवून घ्या.

घोडा डावीकडे निसटला तर थांबवा आणि उजवीकडून वळवा, म्हणजे निसटायची वाट त्याला फायद्याची ठरत नाही. पुन्हा येताना छोट्या पर्यायावर या, दोन्ही बाजूंना तिरके पोल टेकवून वाट अरुंद करा. चाबूक वापरावा लागलाच तर स्वाराच्या पायाच्या मागे, एकदा, उडीला निघण्याच्या क्षणी. अडून झाल्यावर मारलेल्या चाबकातून घोडा इतकंच शिकतो की अडथळ्याजवळ दुखतं.

स्पर्धेत पहिल्या नकाराला २० दंडगुण, त्याच अडथळ्यावर दुसऱ्याला ४०. तिसऱ्याला किंवा स्वार पडल्यास बाद. लाल झेंडी नेहमी उजव्या हाताला, पांढरी डाव्या.

दम आणि उन्हाळा

पहिले चार आठवडे लांब वॉक, ४५ मिनिटं ते तास, चढांवर, मधे ट्रॉटचे तुकडे. मग दर चौथ्या दिवशी मधे विश्रांती घेत तुकड्या-तुकड्यांनी कँटर: ३५० च्या वेगानं तीन मिनिटं, मधे तीन मिनिटं वॉक, पुन्हा तीन मिनिटं. हळूहळू चार मिनिटांचे तीन तुकडे करा. छोट्या कोर्सला एवढं पुरतं. काम संपल्यावर दहा मिनिटं वॉक करून नाडी मोजा: डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप, १५ सेकंद मोजून चारनं गुणा. विश्रांतीत नाडी २८ ते ४४ असते. दहा मिनिटांनंतरही ती ६४ च्या वर असेल तर काम झेपत नाही, पुढचा टप्पा थांबवा.

सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी. पूर्ण चंदी देऊन घोडा उभा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जोरात काम दिलं की काही घोड्यांचे पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात: घाम फुटतो, पाऊल उचलत नाही, लघवी काळपट होते. अशा घोड्याला चालवत तबेल्यात नेऊ नका. जागीच उभा ठेवा आणि व्हेटला बोलवा.

उड्यांचं काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, सकाळी लवकर. एप्रिल-मे मध्ये काळी जमीन भेगाळून दगडासारखी होते आणि पायांच्या शिरा बिघडतात. पावसात तीच जमीन नाल ओढून काढते. घोडा तापला आणि अंगाचं तापमान ४० अंशांवर गेलं तर सावलीत न्या आणि गार पाणी सगळ्या अंगावर सतत ओतत राहा, निथळून काढायला थांबू नका. प्यायलाही लगेच द्या.

पहिला कोर्स

कोर्स आदल्या दिवशी पायी चाला, ज्या रेषेनं घोड्यावर जाणार त्याच रेषेनं. ३५० मीटर चालून झाले की खूण करा: तिथे एक मिनिट व्हायला हवं. १,७५० मीटरच्या कोर्सला ३५० च्या वेगानं पाच मिनिटं. वॉर्म-अपला पाच-सहा उड्या पुरेत.

सराव असो वा स्पर्धा, एकट्यानं कधीच उडू नका. जमिनीवर फोन असलेला एक माणूस हवाच. पडलात तर लगाम सोडा आणि घोड्यापासून दूर लोळा. डोकं आपटलं असेल तर बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा चढू नका.

परतल्यावर नाल आणि खुरांचे तळवे बघा, चारही पायांवर गार पाणी पंधरा-वीस मिनिटं सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी मोतद्दाराला खरारा करायच्या आधी पायांवरून हात फिरवायला सांगा, मग कडक सपाट जमिनीवर सैल लगामावर तीसेक मीटर सरळ ट्रॉट करवून घ्या. मान प्रत्येक पावलाला खाली-वर होत असेल तर तो लंगडतो आहे. नसेल तर दोन दिवस नुसता वॉक आणि पॅडॉक, तिसऱ्या दिवशी फ्लॅटवर्क.